बाजूची रिकामी सीट

लाइट आता काही यायची नाही, ऋषभ. शेगडी इकडे ओढ. सई, तू ती शाल घे अंगावर. भुताचंच ऐकायचं ना तुमाले? मग त्या प्लांटच्या यार्डातल्या बिनमुंडक्याचं नको. ते सारं थोतांड. मी जन्मभर रात्रपाळ्या केल्या तिथं, एकदाही नाही दिसला. हे ज्याच्यावर गुजरलं तो पराग. माझ्या कामावरच्या जोडीदाराचा, दिवाकरचा पोरगा. माझ्या डोळ्यासमोर लहानाचा मोठा झाला. खोटं बोलायचं त्याले सुचतच नाही. त्यानं जसं सांगितलं तसं सांगतो.

तीन वर्षं झाली. संक्रांत होऊन आठवडा झाला होता. शनिवार होता, अन् पौषातली अमावस्या.

पराग भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये ठेकेदाराकडे कामाले, राहणं खुर्सीपारले. त्या दिवशी शिफ्ट सुटली, घरी आला, हातपाय धुतले. त्याच्या आईनं, अंजनाबाईनं, डबा भरून ठेवला होता. मुगाची खिचडी अन् आळिवाचे लाडू. त्याची बायको निशा रायपूरच्या मोठ्या दवाखान्यात होती. बाळंत होऊन महिना होत आला, पण ताप काही उतरत नव्हता. पोरगी बी तिथंच, वेगळ्या खोलीत, काचेच्या पेटीत. परागनं डबा घेऊन जायचं, निशाच्या आईले, गयाबाईले, घडीभर झोपू द्यायचं, अन् शेवटच्या बसनं परत यायचं. असंच चालून राहिलं होतं. त्या दिवशी बी तेवढंच काम होतं.

तो पोचला तं गयाबाई जिन्यातच बसून होत्या. त्याच्या हातातला डबा घेतला, मांडीवर ठेवला, अन् त्याच्या झाकणावरून हात फिरवत राहिल्या.

पोरगी सांजेलेच गेली होती.

बारसं बी झालं नव्हतं लेकराचं. निशा तापात बरळून राहिली होती, तिले सांगायची सोय नव्हती. दवाखान्यातले म्हणाले, मयताची गाडी सकाळी मिळेल. तोवर पोरगी थंड खोलीत राहील. त्या माणसांचं काही चुकलं नाही बापा, रीतच तशी आहे. पण पराग म्हणाला, "त्या बर्फात नाही ठेवत मी तिले. घरी नेतो." त्याईनं कागदावर सही घेतली. लेकराले डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यात बांधलं, वरून चिकटपट्टी लावली. गयाबाईनं आपल्या अंगावरची लोकरीची शाल काढून त्यावर गुंडाळली. आता पाहणाऱ्याले वाटावं, बाप थंडीतून झोपलेलं लेकरू घेऊन चालला.

अन् तेच पाहिजे होतं. कारण मयत बसमध्ये घेते कोण?

बस अर्धी भरलेली होती. पराग चढला, तसा एक कॉलेजातला पोरगा उठला अन् त्यानं आपली खिडकीची जागा देली. "यहाँ बैठो भैया, बच्चा है साथ में." स्वतः पुढच्या सीटवर जाऊन बसला. खिडकीची काच पुरती लागत नव्हती. मागच्या एका बाईनं पेपरची घडी करून त्या फटीत कोंबली. म्हणे, "हवा लगेगी छोटे को." ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं अन् गाण्याचा आवाज कमी केला. सांगितलं कोणी नव्हतं त्याले.

आता विचार करा. कोणी ओळखीचं नाही, पाळखीचं नाही. जो तो त्या लेकराची काळजी करून राहिला. अन् लेकरू तं...

पराग मान खाली घालून बसला. त्यानं मले सांगितलं, "काका, कोणी शिवी दिली असती तं मी सहन केलं असतं. पण ते चांगलं वागून राहिले होते, अन् मी त्याईले फसवून राहिलो होतो."

कंडक्टरले सारे भय्याजी म्हणत. पिकलेल्या मिशांचा माणूस. तो तिकीट द्यायले आला, शालीकडे पाहिलं, परागच्या तोंडाकडे पाहिलं. क्षणभर थांबला. मग पुढे गेला. परागनं शाल अजून जवळ ओढली. पण काही झालं नाही. टाटीबंधच्या स्टॉपले लोक चढले, कोणी मागं गेलं, कोणी उभं राहिलं. परागच्या बाजूची सीट मात्र रिकामीच राहिली.

खारून नदीच्या पुलावर धुकं असं, की पुढचा ट्रक दिसेना, नुसते त्याचे लाल दिवे. पूल संपला अन् ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला.

तिथं स्टॉप नाही. घर नाही, टपरी नाही.

भय्याजीनं दार उघडलं, बाहेर वाकून पाहिलं. "कोई नहीं है. कुत्ता होगा." दार लावलं. बस निघाली.

पण परागनं पाहिलं. एक बाई चढली होती.

मधल्या वाटेनं हळूहळू येऊन राहिली होती. लुगडं, त्यावर गडीमाणसाचं ढगळ स्वेटर. पदर कानावरून घट्ट घेतलेला. पाय उघडे, धुळीनं पांढरे झालेले. उभे असलेले लोक बाजूले नाही झाले... अन् तिचा कोणाले धक्का बी नाही लागला.

ती येऊन परागच्या बाजूले बसली.

मग छत्तीसगढीत, अगदी हळू, म्हणाली, "दे बेटा. तोर हाथ पिरात होही."

हात दुखत असतील तुझे, असं. अन् खरंच, दवाखान्यापासून त्यानं हात हलवला नव्हता. बोटं आखडून गेली होती. तरी तो म्हणाला, "नको बाई. राहू द्या."

तिनं हात पुढे केलेच होते.

त्यानं देलं कावून, ते त्याले आजवर सांगता आलं नाही. म्हणतो, कोणी पाणी देलं तं आपण घेतो ना, तसं हातून झालं. तिनं लेकरू मांडीवर घेतलं. डोकं कोपरात ठेवलं. मांडी हलवू लागली, बाया हलवतात तशी. विचारलं, नाव काय ठेवलं?

नाव कोणालेच सांगितलं नव्हतं अजून. बारशाले सांगू म्हणून निशानं अन् त्यानं मनातच ठेवलं होतं. आता बारसं कुठचं? तो म्हणाला, "रोशनी."

"रोशनी," ती म्हणाली. लेकराच्या कानाशी वाकून परत म्हणाली, "रोशनी..."

तेव्हा परागले रडू फुटलं. कळल्यापासून पहिल्यांदा. आवाज न करता रडला तो, खिडकीकडे तोंड करून.

अन् खिडकीकडे पाहता पाहता त्याच्या ध्यानात आलं.

थंडी एवढी होती की साऱ्यांच्या तोंडून वाफ निघत होती. काचेवर दव धरलं होतं. काचेत बसमधली माणसं धुरकट दिसत होती. पुढचा पोरगा. मागची बाई. तो स्वतः.

बाजूची सीट रिकामी.

त्याची मान वळेना.

मांडी हलायचा आवाज येऊन राहिला होता. लुगड्याची सळसळ. एका तालात... एका तालात...

मग दुसरा आवाज आला. बारीक.

चुक... चुक... चुक...

लेकरू दूध पितं तसा.

परागनं डोळे मिटले. ओरडावं तं... काय ओरडणार? अन् तेवढ्यात शालीतून कण्हल्यासारखं झालं. एकदाच. झोपेत लेकरू कुरकुरतं ना... तसं.

पुढचा पोरगा वळला. "उठ गई क्या भैया? भूख लगी होगी."

त्यानं बी ऐकलं होतं!

भीती कुठल्या कुठे गेली. जिवंत आहे. डॉक्टरची चूक झाली, जिवंत आहे! त्यानं शालीवर हात टाकला. कोमट. खाली-वर, खाली-वर होऊन राहिलं होतं. बस थांबवतो, परत फिरवतो, धावत नेतो तिले... तोंड उघडलं त्यानं.

बाईनं त्याच्या हातावर हात ठेवला.

बर्फ.

अन् मान हलवली. नाही म्हणून.

"अब्बड़ थक गे रिहिस, नोनी," ती म्हणाली. फार थकली होती रे पोरगी.

एवढंच. परागचं उघडलेलं तोंड तसंच राहिलं. मले सांगताना म्हणाला, "काका, सांजेले ती एकदा गेली. बसमध्ये दुसऱ्यांदा गेली."

चरोदा गेलं. भिलाई तीन गेलं. धुक्यात नुसते दिवे. मांडी हलतच होती. पराग आता तिच्याकडे पाहून राहिला होता, तोंड मात्र दिसत नव्हतं. पदराच्या आत अंधारच अंधार. त्याले भीती वाटून राहिली होती, अन् त्याच भीतीत असं बी वाटून राहिलं होतं की ही वाट संपू नये.

मग तिनं विचारलं.

"मैं राख लेंव?"

मी ठेवून घेऊ?

परागपुढं सारं उभं राहिलं. सकाळचा खड्डा. पौषातली गार माती. एवढंसं लेकरू, अन् त्यावर दगड. इथं मांडी होती. दूध होतं. कोणाची मांडी, कोणाचं दूध, ते नको विचारू... पण होतं ना. हो म्हणायले कितीसा वेळ लागते? मान जराशी हलवली की झालं.

त्याची मान हलायले लागली होती.

अन् तो म्हणाला, "तिची आई... तिची आई विचारन मले."

मांडी थांबली.

मग तिनं लेकरू उचललं अन् त्याच्या हातात देलं. शाल नीट केली. देता देता लेकरू जड झालं. गार झालं. दगडासारखं. दवाखान्यातून घेतलं होतं तसंच.

"खुर्सीपार गेट!" भय्याजी ओरडला.

पराग उठला. बाजूले कोणी नव्हतं. खाली उतरला तं भय्याजी बी त्याच्यामागं उतरला. ड्रायव्हरले थांबायची खूण केली. टोपी काढली. हळूच म्हणाला, "मिट्टी अच्छे से करना, भाई."

त्याले माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं.

परागच्या तोंडून कसंबसं निघालं, "वो बाई... जो मेरे बाजू में बैठी थी..."

भय्याजी त्याच्याकडे पाहतच राहिला. "आपके बाजू में मैंने किसी को बैठने ही नहीं दिया, भाई. कोई हाथ लगा देता, पता चल जाता, तो ये लोग गाड़ी रुकवाकर आपको उतार देते. इतनी ठंड में कहाँ जाते?"

बस धुक्यात निघून गेली. पराग तिथंच उभा. मग घराकडे चालू लागला.

निशाचं पुढं काय झालं ते आताच सांगून टाकतो, मागून नको विचारू, सई. निशा वाचली. पण वाचली म्हणायचं, एवढंच. तिले सांगितलं त्या दिवशी ती रडली नाही. एकच विचारलं तिनं, "रस्त्यानं एकटी होती का ती?" पराग म्हणाला, "नाही. तिले बसायले जागा देली. खिडकी बंद केली. गाणं कमी केलं. एका बाईनं मांडीवर घेतलं, नाव घेऊन हाक मारली." निशानं सारं ऐकलं. पुन्हा सांग म्हणाली. आजही म्हणते. दुसरं मूल झालं नाही त्याईले. रात्र रात्र बसून राहते, अन् पराग तिले ते बसमधलं सांगत राहतो. तेवढं ऐकलं की जरा पडते. त्यानं दुःख कमी झालं का? नाही झालं. पण त्या घरात तेवढंच एक आहे जे दोघाईले एकमेकांशी बोलता येते.

आता त्या सकाळचं.

उजाडलं तसे शेजारचे दोघं-तिघं आले. मी बी गेलो होतो. म्हणजे हे शेवटचं मी ऐकलेलं नाही, पाहिलेलं आहे. अंजनाबाईनं पाणी कोमट केलं. नातीले एकदा आपल्या हातानं न्हाऊ घालते म्हणाली. शाल काढली. आत पांढरा कपडा तसाच्या तसा. दवाखान्याची चिकटपट्टी कुठं उचकटलेली नाही, गाठ सुटलेली नाही. सुटेचना ती, शेवटी कात्रीनं कापावी लागली.

कपडा उलगडला. अंजनाबाईनं लेकराचे पाय हातात घेतले.

अन् थांबली.

डाव्या तळपायावर काजळाची तीट होती.

दृष्ट लागू नये म्हणून लावतात ती. गोल, ठसठशीत. बोटाच्या रेघा दिसत होत्या तिच्यात. दवाखान्यात काजळाची डबी बी आत नेऊ देत नाहीत. परागले विचारलं, त्यानं नुसतं पाहिलं अन् भिंतीले टेकून खाली बसला.

अंजनाबाईनं अंगठा फिरवला त्यावरून.

अंगठा काळा झाला.

ओलं होतं अजून...

तिनं तांब्या खाली ठेवला. सारं अंग पुसून काढलं. तेवढा पाय नाही धुतला. आमीही तिले धू म्हणालो नाही.