उसनं तूप

शेगडीवरच्या पेटीतला हिरवा दिवा पिवळा होऊ नये म्हणून वनिता कोष्टीनं तेरा दिवस आमटीला फोडणीसुद्धा दिली नव्हती. इचलकरंजीच्या त्या गल्लीत आता उत्पन्नाचा दाखला कुणी मागत नसे. दाखले खोटे निघायचे, म्हणून सरकारनं घरोघरी ही दरवळमापी पेटी चौदा दिवसांच्या मोजणीसाठी बसवली होती. काय शिजतंय, किती तेलातुपात शिजतंय, हे ती वासावरून ओळखायची आणि घराची ऐपत आकड्यात सांगायची. आकडा चाळिसाच्या आत राहिला, तर वनिताच्या नवऱ्याचं, दिनकरचं, आठवड्यातून तीनदा होणारं डायलिसिस वर्षभर फुकट. वर गेला, तर पदरच्या पैशानं. ते कुठून आणायचे, हे पेटी सांगत नव्हती.

चौदाव्या, शेवटच्या दिवशी सकाळी आकडा अडतीस होता. मोजणीच्या अनुजाताई आल्या आणि बाहेरच्या खोलीत बसून नावं, वयं टिपू लागल्या. वनिताचा जीव भांड्यात पडला. बाई आल्या म्हणजे मोजणी संपली, अशी तिनं भाबडी समजूत करून घेतली. तिनं चहाचं आधण ठेवलं, तसा दिनकर खाटेवरून हळूच म्हणाला, "पहिल्यांदा दारात आलेल्या माणसाला नुसता कोरा चहा द्यायचा व्हय?"

तिलाही ते लागलं. परिस्थिती बेताची असली म्हणून रीत थोडीच सोडायची? मागच्या दारानं जाऊन तिनं शेजारच्या रेखाकडून रवा, साखर आणि दोन चमचे तूप उसनं आणलं. रवा खमंग भाजून शिरा केला. कितीतरी दिवसांनी घरात तसा वास सुटला आणि तिला फार बरं वाटलं.

वास बाहेर पोचला तशा अनुजाताई धावत आत आल्या. दिवा पिवळा झाला होता. आकडा बेचाळीस.

"मावशी, मी बंद करेपर्यंत मोजणी चालूच असते हो."

वनितानं हातातली शिऱ्याची बशी पुढे केली. "तूप आमचं न्हवं, ताई. तुमच्यासाठी उसनं आणलंय."

अनुजाताईंनी हातातल्या टॅबवर पुन्हा पुन्हा बोट फिरवलं. उसन्याला त्यात रकाना नव्हता, आणि आकडा बदलायची मुभा त्यांनाही नव्हती.

दिनकर खाटेवर उठून बसला. उद्याच त्याची डायलिसिसची पाळी होती. काय झालं ते त्याला सगळं कळलं होतं.

"ऱ्हाऊ द्या, ताई," तो म्हणाला. "खाऊन घ्या. गार हुतोय."

अनुजाताईंनी बशी घेतली. नको म्हणावं तर या घराचा अपमान. पण हा घास गिळायचा तरी कुठल्या तोंडानं?