चित्राची पाठ

"आजी, पुरे ना! दुकानदार हसतोय!" चिंगी कुजबुजली.

"हसू दे मेल्याला, दात तरी दिसतील," म्हणत आजीने कपबशी उपडी केली. बाजारात कुठलीही वस्तू ती उलटून बघितल्याशिवाय घेत नसे. "तोंड सगळेच रंगवतात. खोट असते पाठीला!"

मागे आत्या उभी होती, चित्र टेकवायची लाकडी घोडी बगलेत मारून आणि रंगपेटी हातात घेऊन. आजारपणानंतर तिचा हात थरथरायचा, तरी ती चित्रं काढायची. ती कोपऱ्यावरच्या चित्रदालनात विकायला ठेवायची. पण मागच्या महिन्यात दालनाचा मालक गिऱ्हाइकांदेखत म्हणाला, "बाई, तुमची चित्रं भिजून कुजली, दिली फेकून! असल्या हाताने पोतेरं मारावं!" तेव्हापासून तिने कुंचला धरला नव्हता. आज ती घोडी आणि रंगपेटीही जुन्या सामानाच्या दुकानात विकायला निघाली होती.

"दालनात प्रदर्शन आहे! चल, घुसू!" ढब्बूने बहिणीला ओढलं. आजीची घासाघीस आटपायच्या आत दोघं आत!

"ही सगळी मीच काढली," मखमली कोटातला मालक पाहुण्यांना सांगत होता. "कापड खास परदेशातून मागवलंय!"

ढब्बूला आजीचीच खोड. त्याने भिंतीला टेकवलेलं एक चित्र उलटं केलं आणि किंचाळला, "चिंगे, माझी आगगाडीची चादर! शाई सांडली म्हणून मार खाल्लेला ना, तीच!"

आत्या जुन्या चादरी फाडून, खळ लावून त्यांच्यावर चित्रं काढायची. चिंगीच्या अंगाची लाही झाली.

"हात लावतोस, भिकारड्या?" मालकाने ढब्बूला कानाला धरून बाहेर भिरकावलं. पायरीवर त्याचा गुडघा फुटला. तसाच लंगडत तो आजीकडे पळाला.

चिंगी रडली नाही. एका पाहुण्या बाईंजवळ जाऊन गोड आवाजात म्हणाली, "काकू, घेण्याआधी पाठ बघा हं."

"नको! हात लावू नका!" मालक ओरडला.

झालं! 'नको' म्हटल्यावर कोण थांबतंय? बाईंनी चित्र उलटलं. पाठीवर आगगाडीचे डबे आणि शाईचा भलामोठा डाग!

"परदेशी कापड वाटतं?" बाई फिसकन हसल्या.

"त्या निळ्या चित्रामागे पिवळी फुलं असतील," दारातून आवाज आला. "माझ्या उशीचा अभ्रा तो!" आजी आली होती, मागे आत्या.

निळं चित्र उलटलं. पिवळी फुलं! मग पाहुण्यांनी एकेक चित्र उतरवून, उलटून भिंतच रिकामी केली.

मालक घामाने निथळला. "ताई, चुकलं! चारचौघांत अब्रू घेऊ नका!"

"माझी कुठे घेतली होतीत? चारचौघांतच ना?" आत्या म्हणाली. "चिंगे, पेटीतला काळा रंग काढ."

तिने तिथेच घोडी उभी केली, तिच्यावर चित्र ठेवलं आणि चित्राच्या कोपऱ्यात मालकाने घातलेल्या स्वतःच्या नावावर कुंचला फिरवला. हात थरथरत होता, म्हणून वेळ लागला. मालक मान फिरवायला लागला, तशी आजी कडाडली, "बघ इकडे!" त्याला सगळी चित्रं संपेपर्यंत बघावं लागलं.

"पोतेरं बरं जमलं ना?" आत्याने त्याला विचारलं.

आजीने ढब्बूचा गुडघा पुसला, चिंगीच्या पाठीत धपाटा घातला. "कार्टी माझ्यावर गेलीत!"

यापेक्षा मोठं कौतुक त्या घरात कुणाच्या वाट्याला आलं नव्हतं. घोडी आता ढब्बूच्या खांद्यावर होती, आणि जुन्या सामानाचं दुकान मागे पडलं होतं.