तिसऱ्या मजल्यावरची सवत

माझ्या नवऱ्याचं तिच्यावर मन जडलं, तेव्हा मी आत भरिताची वांगी भाजत होते. हे दूध आणायला खाली गेले आणि जिन्यात ती भेटली. पिवळे डोळे, पांढरा गळा, आणि चालणं असं की जणू बिल्डिंग तिच्या बापाची! यांनी तिला छातीशी धरून वर आणलं. दूध राहिलं खालीच.

"कोण ही?"

"राणी," हे म्हणाले आणि हसले... अडतीस वर्षांत तसलं हसू मी पाहिलं नव्हतं.

मांजर ती! पण पोरींनो, हसू नका. नवरा दुसरीकडे बघून हसला की कसं होतं, ते झाल्यावरच कळतं.

यांची नोकरी दीपनगरला, वीज केंद्रात, शिफ्टची. बोलणं इनमिन तीन – डबा भर, जेवायला वाढ, झोपतो. रिटायर होऊन जळगावला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला तेव्हा वाटलं, आता तरी जवळ बसतील, दोन गोड शब्द बोलतील. मागून घेणं माझ्या रक्तात नाही. मी वाट पाहिली.

आणि ते शब्द मिळाले कुणाला? हिला!

गुरांच्या डॉक्टरने सांगितलं, खाली कुत्री आहेत, हिला घरातच ठेवा. पण नुसतं कोंडून ठेवलं तर कंटाळेल, फुगेल. दिवसातून तीनदा खेळवा, शिकार केल्यासारखं वाटलं पाहिजे, आणि मगच खायला द्या.

झालं! यांनी कॅलेंडरवर तिच्या शिफ्टा लिहिल्या. सकाळी पिसं बांधलेली काठी. दुपारी प्लास्टिकच्या पाईपचा तुकडा – त्याला भोकं पाडून आत खाणं भरायचं, बाईसाहेब पंजाने लोटत लोटत एकेक दाणा काढणार. संध्याकाळी केळीच्या खोक्यांचा बंगला, रोज नव्या जागी. पारवे बघायला खिडकीत फळी ठोकली. ज्या माणसाला गुडघ्यांपायी पाटावर बसता येत नाही, तो पलंगाखाली पालथा!

"ये गं माझी सोन्याची... अशी मार उडी! दमली का? थांब, वारा घालतो."

मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत ऐकायची. मला नव्हतं का उकडत?

"अहो, जेवता की तिच्याच वाटीत वाढू?"

"जळते का काय तू?"

"मी? उंदीर खाणारीवर? एवढी नाही अजून उतरले!"

"चिडली की डोळे मात्र तिच्यासारखेच होतात तुझे..."

मी लाटणं आपटलं.

एका दुपारी बघते तर ती माझ्या उशीवर ताणून निजलेली. मी हाकलायला गेले, तर हे म्हणतात, "राहू दे ना, आताच खेळून थकली."

माझ्या उशीवर! दुसऱ्या दिवशी पिशवी भरली आणि धुळ्याला, देवपुरात लेकीकडे आले.

तीन दिवस फोन नाही.

"आई, फोन सारखा काय पुसतेस?" भूमिका म्हणाली.

"धूळ बसते."

चौथ्या दिवशी, जेवणाच्या वेळेला वाजला.

"ती खेळत नही," हे म्हणाले.

"मग मी काय करू? पिसं लावून नाचू?"

"पडदा फाडला."

"पाईप दिला?"

"दिला. खोकी मांडली. काठी हलवली. बघते अन् तोंड फिरवते."

"काहीतरी लागेल असं बोलला असाल."

"बोलतच नही मी तिच्याशी."

"का? सोन्याची ना ती तुमची?"

हे हळूच म्हणाले –

"ऐकायले घरात कोण आहे?"

मला आधी उमगलंच नाही. "म्हणजे?"

"म्हणजे... तू तिकडे पोळ्या लाटायची, मी इकडे बोलायचो. तुले तोंडावर म्हणायची लाज वाटते मले. तिले म्हटलं की तुझ्या कानावर जाईल, वाटायचं..."

हातातला घास तसाच राहिला. एवढे दिवस मी ज्या बोलण्यावर जळत होते, ते माझंच होतं!

"अडतीस वर्षं लाज?" मी म्हटलं. घास ताटात ठेवला. "मांजराआडून बोलता होय! आता मीच ऐकते आहे. बोला."

"भूमिका असेल तिथं."

"नाही."

होती. मी तिला डोळ्यानेच बाहेर घालवलं.

मग हे बोलले... दोनच वाक्यं, तीही अडखळत. ती तुम्हाला सांगणार नाही. माझी आहेत.

"आई, गाल का गं लाल झाले?"

"उकाडा काय कमी आहे तुमच्या धुळ्यात?"

दुपारच्याच एसटीने निघाले. दारात पदर नीट केला आणि बेल वाजवली. यांनी दार उघडलं – आणि माझ्याकडे बघून हसले. तेवढ्यात यांच्या पायातून ती पुढे आली, शेपटी ताठ.

"सरक बाई," मी म्हटलं, "आधी माझा नंबर."