उजवीकडचा जुना विंच

लिंडसे ट्रसकॉटनं एका पत्राला तीन वर्षं उत्तर दिलं नव्हतं.

पुढे जे झालं ते खरं आहे. त्यानं मला ते तीनदा सांगितलं, आणि तिन्ही वेळा शब्द इकडचा तिकडे झाला नाही. जन्मभर शाळेचं ग्रंथालय सांभाळलेला, चारचौघांत बोलायला लाजणारा माणूस. तो गोष्टी रचत नाही.

पत्र धाकट्या भावाचं होतं. डगचं.

'आयलीन' ही दोघांची शिडाची होडी. नाव आईचं. तीस वर्षं दोघांनी मिळून चालवली. शीड ताणायचं तर तिच्या जुन्या विंचला, म्हणजे दोर गुंडाळून ताणायच्या रहाटाला, दोन माणसं लागत. एकानं हँडल फिरवायचं, दुसऱ्यानं दोराचं मोकळं टोक ओढत राहायचं. हँडल लिंडसेचं. टोक डगचं.

एकदा भर वाऱ्यात विंचवरचे दोराचे वेढे एकमेकांवर चढले. ते सोडवायला डगनं हात घातला आणि ओरडला, "थांब!"

लिंडसेनं आणखी एक फेरा मारला.

डगच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

त्यानंतर लिंडसे भावासमोर गेलाच नाही. वर्षभरानं डगचं पत्र आलं. 'अरे, आठ शिल्लक आहेत! माझं ओढणं तेवढं बदललंय, सवय करून घे. ब्रूनी बेटाला एक फेरी मारू. येतोस ना?'

लिंडसेनं उत्तरं लिहिली आणि फाडली. प्रत्येक वाक्य त्याला खोटं वाटायचं.

या फेब्रुवारीत डग गेला. झोपेतच.

अंत्यविधीनंतर डगच्या बायकोनं, ग्वेंडानं, लिंडसेला बाजूला घेतलं.

"तो रोज टपालाची पेटी उघडून बघायचा रे. रागावला नव्हता. तुला पत्र मिळालं होतं का, एवढंच सांग मला."

लिंडसेला तेवढंही सांगता आलं नाही.

मग एप्रिलमधला तो शनिवार. केटरिंगचा धक्का, 'आयलीन' बांधलेली असते तो. दुपारचे तीन. लख्ख ऊन, बेताचा वारा.

लिंडसेनं नवे विंच मागवले होते. त्यांच्या माथ्यावर दातेरी कडी असते, ती टोक आपणच धरून ठेवते. दुसरा माणूस लागत नाही. डगच्या जागी दुसरं कुणी बसलेलं त्याला बघवलं नसतं.

बसवायला होड्यांची दुरुस्ती करणारी केरी आली होती. डावीकडचा बसवून झाला.

"बघा, टोक स्वतः धरतो, चहा मागत नाही, वर तोंड करून बोलत नाही. माझ्या नवऱ्यापेक्षा बरा!"

लिंडसे हसला नाही.

"चुकलं माझं," केरी पुटपुटली. "उजवीकडे लांब बोल्ट लागतील, गाडीतून घेऊन येते. तोवर जुन्याला शेवटचं फिरवून घ्या. तीस वर्षं राबलाय बिचारा."

ती गेली.

लिंडसेनं पुढचं शीड सोडलं. ते फडफडू लागलं. त्याच्या दोराचे जुन्या विंचला तीन वेढे दिले. दोन्ही हातांनी हँडल धरलं आणि फिरवलं.

टोक धरायला तो विसरला.

ते त्याचं काम कधीच नव्हतं ना.

दोर निसटायला हवा होता...

निसटला नाही.

शीड ताणलं गेलं. फडफड थांबली.

लिंडसेनं मान वळवली. दोराचं टोक हवेत ताठ होतं. डगच्या जागेकडे.

जागा रिकामी होती.

आणि मग... टोक ओढलं गेलं.

एक ओढ... थोडं थांबणं... पुन्हा ओढ...

ही डगची ओढ नव्हती. डगची ओढ लांब, एकसारखी. लिंडसेच्या हातांना ती पाठ होती. ही अडखळत होती. दोर मुठीतून घसरावा, आणि पुन्हा पकडावा लागावा, तशी.

दोन बोटं नसलेला हात असाच ओढेल.

लिंडसेनं ते कधी पाहिलंच नव्हतं. पाहायला गेलाच नव्हता.

"डग?"

 दोर तसाच... वाट बघत.

लिंडसेनं हँडल फिरवलं. हळू. ओढ आली की फिरवायचं. ओढ थांबली की थांबायचं.

या वेळी तो थांबत होता. दर वेळी.

डोळ्यांना धारा लागल्या होत्या, पण हँडल सोडून त्या पुसायची त्याची छाती झाली नाही.

केरीचं पाऊल होडीवर पडलं. दोर सैल होऊन खाली कोसळला.

"कोण होतं तुमच्याबरोबर?"

"कुणी नाही."

"मग टोक कुठे बांधलं होतंत? धक्क्यावरून बघत होते मी. ताठ होतं."

टोक कुठेच बांधलेलं नव्हतं. केरीनं ते उचललं आणि चटकन टाकून दिलं.

"वीतभरच कोमट आहे... बाकी सगळा दोर गार."

 मग केरीनं बोल्ट खिशात टाकले.

"हा मी आज नाही काढणार, लिंडसे. उद्याही नाही."

ती ओढ म्हणजे डगची माफी होती, की 'येतोस ना?' हाच जुना प्रश्न पुन्हा विचारला गेला होता? लिंडसेला अजून कळलेलं नाही. त्यानंतर तो कितीदा तरी एकटा होडीवर गेला. मुद्दाम टोक मोकळं सोडून हँडल फिरवत बसला.

दर वेळी दोर निसटतो.

शेवटी एका सोमवारी त्यानं कागद घेतला. 'डग, तुझं पत्र त्याच आठवड्यात मिळालं होतं. मी घाबरलो. येतो.'

पाकीट ग्वेंडा उघडेल, हे त्याला ठाऊक होतं. तरी नाव त्यानं डगचंच लिहिलं.

टपालाच्या लाल पेटीच्या तोंडाशी त्याचा हात खूप वेळ थांबला. मग त्यानं पाकीट सोडलं. ते आत पडल्याचा आवाज ऐकला, आणि तरीही तो तिथेच उभा राहिला.