मार्गारेटला सांगा

तुळिंजच्या त्या पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर रोझलिनने बरणी ठेवली ती डाव्या हाताने. वर्तमानपत्रात गुंडाळलेली, वरून केळीच्या सोपटाने करकचून बांधलेली. आत औषधाच्या पाण्यात बोराएवढा मांसाचा तुकडा होता. तासाभरापूर्वीपर्यंत तो तिच्याच अंगात होता.

काउंटरमागच्या तरुणाने बरणी फिरवून बघितली आणि मान वर केली.

"गिरीजच्या ना तुम्ही?"

ती दचकली. "कशावरून?"

"सोपट असं दुहेरी पिळून गिरीजचे वाडीवालेच बांधतात. आम्ही पाचूबंदरचे कोळी. दोरी कोणी वळली ते आम्हाला बघूनच कळतं." तो हसला. केस कपाळावर आलेले, शाईचे डाग पडलेला पांढरा कोट. "मी पास्कल. पेशंटचं नाव?"

"मार्गारेट."

"वय?"

"अठ्ठावीस."

"तुमचं नाव? आणि नातं?"

"रोझलिन. बहीण... म्हणजे, चुलत."

आता खरं सांगायचं तर मार्गारेट नावाची कुठलीही बहीण रोझलिनला नव्हती. तुकडा काढला त्या नर्सिंग होममध्येही तिने हेच नाव सांगितलं होतं. सोबत कोणी आहे का असं नर्सने विचारलं, तेव्हा बाहेर बसलेत म्हणाली आणि बरणी घेऊन एकटीच निघाली. कारण एकच. धाकट्या विनीचं लग्न ईस्टरनंतर ठरलं होतं. गिरीजमध्ये एका वाडीत शिंकलं तर चार वाड्या पलीकडे रुमाल काढतात. थोरलीच्या छातीत गाठ आहे, घराण्यातच असेल, धाकटीलाही होईल, एवढी कुजबुज सासरच्यांच्या कानी गेली की झालं. बाप गेल्यापासून वाडी, आई आणि विनी, तिघांचं ओझं रोझलिनने वाहिलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. लग्न होईपर्यंत दोन महिने मूठ झाकून ठेवायची, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं.

पुढच्या शनिवारी रिपोर्ट तयार होता. पास्कलने पाकीट हातात दिलं, पण सोडलं नाही.

"बसा जरा."

"बसायला वेळ नाही. काय ते सांगा."

"चांगला नाही. कॅन्सर आहे." मग तो हळूच म्हणाला, "मार्गारेटला सांगा, ऑपरेशन लवकर करायचं."

तिला काउंटरची कड धरावीशी वाटली, पण धरली नाही. चुलत बहिणीसाठी कोण इतकं हादरतं?

"घरात लग्न आहे. दोन महिने थांबलं तर चालेल?"

"तुमच्या वाडीत पाणी कसं फिरतं? पाटाने. एका वाफ्यातलं दुसऱ्यात. शरीरातही तसेच बारीक पाट असतात. छातीतलं पाणी काखेकडे जातं. तिथे चणे-वाटाण्यांसारख्या गाठी असतात, सगळ्यांनाच. त्या पहाऱ्याच्या चौक्या. रोगाची पेशी सुटली की बहुतेक वेळा पहिली तिथे येते."

"आणि चौकीने नाही अडवलं तर?"

"मग चौकीतच घर करते. तिथून हाडात जाते, फुफ्फुसात जाते... तारीख सांगून जात नाही."

रोझलिन घरी आली. केळ्यांचे घड बांधले, जेवली आणि विहिरीच्या मागे जाऊन रडली. मोटरच्या आवाजात कोणाला ऐकू गेलं नाही.

त्यानंतर खरं तर लॅबमध्ये जायचं काही कारण नव्हतं. तरी शनिवार आला की तिला मार्गारेटची एखादी शंका आठवायची. दुपारी तिथे गर्दी नसे. पास्कल पंख्याखालचा स्टूल पुसून द्यायचा.

"मार्गारेट दिसायला कशी आहे हो?" त्याने एकदा विचारलं.

"माझ्यासारखीच. थोडी बरी."

"याहून बरी? मग अवघड आहे."

"कोणाला अवघड?"

"लॅबमधल्या माणसांना." तो काचपट्टी पुसत राहिला, कान मात्र लाल झाले. "तिला कोणी आवडतं का?"

"विचारून सांगते."

पुढच्या शनिवारी तिने जाताच सांगून टाकलं, "विचारलं. ती म्हणते, एक जण आहे. पण बोलतो फार, आणि केस विंचरत नाही."

तो शनिवार कसा गेला ते तिला कळलं नाही. त्यापुढच्या शनिवारी पास्कलचे केस तेल लावून असे चापून बसवलेले होते की रोझलिनला हसू आवरेना. किती दिवसांनी हसत होती ती. हसताना काखेखाली कळ आली आणि हसू तिथेच थांबलं. पास्कलने ते बघितलं.

त्या दिवशी त्याने तिला सूक्ष्मदर्शकाखाली मार्गारेटची काचपट्टी दाखवली. गुलाबी रानात जांभळी गर्दी आणि गर्दीच्या कडेने बारीक गर्द निळे ठिपके.

"ते निळे काय?"

"आपल्याच पांढऱ्या पेशी. राखण करणाऱ्या. बघा कशा वेढा घालून बसल्यात."

"नुसत्या बसल्यात? मारत का नाहीत?"

"काही मारतात. पण हा बाहेरून आलेला जंतू नाही, घरभेदी आहे. आपलीच पेशी बिघडलेली. दारातला कुत्रा परक्यावर भुंकतो, घरातल्यावर कशाला भुंकेल? वासच ओळखीचा." तो थांबला. "आमचे डॉक्टर तर म्हणतात, काही राखणदारांना हा फितवतो. ते उलट त्यालाच खाऊपिऊ घालतात, पुढची वाट करून देतात."

रोझलिनने डोळा लावूनच ठेवला. आपलं मरण इतकं रंगीत दिसतं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिच्या खांद्यामागे तो उभा होता. साबणाचा आणि औषधाचा वास येत होता. याने आता खांद्यावर हात ठेवला तर आपण सगळं सांगून टाकू, असं तिला वाटलं. त्याने हात ठेवला नाही.

ईस्टरच्या आदल्या आठवड्यात आंघोळ करताना तिच्या बोटांना काखेत वाटाणा लागला. टणक, न दुखणारा. ती लॅबमध्ये जायची बंद झाली. पास्कलसमोर आता मार्गारेटचं सोंग वठलं नसतं.

ईस्टर झाला. आमच्याकडे लग्नाआधी लागोपाठ तीन रविवार चर्चमध्ये वधूवरांची नावं पुकारतात. या लग्नाला काही अडथळा कोणाला माहीत असेल तर त्याने सांगावं, अशी रीत. विनीचं नाव दुसऱ्यांदा पुकारलं त्या रविवारी रोझलिन मान खाली घालून बसली होती. मिस्साची प्रार्थना संपल्यावर बाहेर आली तर क्रुसाजवळ पास्कल उभा. केस पुन्हा विस्कटलेले.

"मार्गारेटला निरोप आहे," तो म्हणाला.

"सांग." अहो-जाहो कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही.

"सांग तिला, तिच्या नावाचा रिपोर्ट मोठ्या इस्पितळात चालणार नाही. तिथे खरं नाव लागतं. आणि आणखी एक दिवससुद्धा घालवू नको, रोझलिन."

"कधी कळलं?"

"पहिल्या दिवशी. उजवा हात अंगाला चिकटवून आलीस. ओठ पांढरे पडलेले."

"आणि गप्प बसलास? महिना होऊन गेला, पास्कल."

"बसलो." त्याच्या डोळ्यांत पानी आलं. पाचूबंदरात ते 'पानी'च असतं. "वाटलं, नाव काढलं तर तू परत येनार नाहीस. मार्गारेट निदान शनिवारी येत होती. तुला मोठा कुत्र्याचा दाखला दिला मी... दारात बसून न भुंकलेला कुत्रा मीच."

तिला राग आला. खूप राग आला. आणि त्याच वेळी त्याच्या छातीवर डोकं टेकावंसं वाटलं. दोन्ही खरं होतं.

"काखेत लागतंय मला," ती एवढंच म्हणाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती 'मला' म्हणाली होती.

त्याच दुपारी तिने आईला आणि विनीला सांगितलं. आई भिंतीला टेकून खाली बसली. विनी म्हणाली, "माझं लग्न दोन महिन्यांनी झालं तर मी मरणार नाही, ताई. तू..." आणि पुढचं तिला बोलवेना. विनीच्या सासूने दोन टोचणारे शब्द ऐकवले, पण लग्न मोडलं नाही, पुढे ढकललं. एवढ्यासाठी रोझलिनने तो वाटाणा वाढू दिला होता.

ऑपरेशन वसईतच झालं. उजवा स्तन काढला, काखेतल्या गाठीही काढल्या. संध्याकाळी ती शुद्धीवर आली तेव्हा उजव्या बाजूला पट्ट्या होत्या आणि चादर सपाट होती. तिने डाव्या हाताने चाचपलं आणि हात मागे घेतला. स्टुलावर पास्कल बसला होता.

"बरणी मीच नेली," तो म्हणाला. "मोठी होती. तुझ्या आईने सोपटाने बांधून दिली."

त्याने लॅबची पावती पुढे केली. वर त्याच्याच अक्षरात 'रोझलिन' लिहिलं होतं. खाली नात्याच्या रकान्यात दोन शब्द होते. होणारा नवरा.

तिने ते दोनदा वाचलं. "मला विचारलं नाहीस."

"विचारतो आता."

"वेडा आहेस का? बघतोयस ना मी कशी झालेय ते. रिपोर्ट तरी येऊ दे. किती गाठींत गेलाय, कळू दे."

"रिपोर्ट चांगला आला तर म्हणशील, जगण्याचा भरवसा बघून विचारलं. वाईट आला तर म्हणशील, कीव आली. मला आजच विचारायचंय."

बाहेर चर्चची संध्याकाळची घंटा झाली. हाताशी किती वर्षं आहेत, हे त्याला माहीत नव्हतं आणि तिलाही नव्हतं. मग तिने डावा हात त्याच्या विस्कटलेल्या केसांवर ठेवला.

"मार्गारेटला काय वाटतं ते माहीत नाही," ती म्हणाली. "रोझलिन हो म्हणतेय."

रिपोर्ट शनिवारी आला. काखेतून चौदा गाठी काढल्या होत्या, त्यांतल्या पाचांत रोग पोचला होता. पास्कलने तो तिला वाचून दाखवला, एकही शब्द न गाळता.