कुंदन-बुंदन

“नाव सांगा.”

सकाळपासून साठेक वेळा रेणूनं हे दोन शब्द म्हटले होते, तेही वर न पाहता. मोहाडीच्या आधार केंद्रात ती गेली आठ वर्षं हेच करत आली होती. आज दुपारभर सर्व्हर रुसून बसलेला. मळणीच्या धुळीनं घसा कोरडा पडलेला. त्यात बाहेरच्या बाकावर म्हाताऱ्या भैय्यालालच्या मोबाइलवर पुन्हा तेच गाणं लागलं...

‘नाव सांग, बाव सांग! मोनिका-बोनिका, मळते कणिका... गुड्डी-बुड्डी, मारते उडी...’

“सांगू... का गाऊन दाखवू?”

आवाज फाटका होता, पण रेणूची बोटं कीबोर्डवर थबकली. तिनं वर पाहिलं.

कुंदन!

तीन वर्षांपूर्वी या एका गाण्यानं त्याला अख्ख्या जिल्ह्यात गाजवलं होतं. बपेऱ्यापासून भंडाऱ्यापर्यंत त्याच्याशिवाय वरात हलत नव्हती. त्याआधी तो रेणूच्या शेजारच्या घरातला पोरगा होता. तिचे बाबा मागावर लुगडं विणत, आणि माग खट्-खटाक् वाजला की त्या ठेक्यावर ही दोघं गल्लीतल्या पोरांसोबत नाव-बाव खेळत. नावाचं पहिलं अक्षर काढायचं, तिथं ‘ब’ लावायचा आणि यमक जुळवायचं. सगळ्यांची नावं घ्यायची. ज्याचं नाव शेवटपर्यंत राहून जाईल, त्याच्यावर डाव. मग त्यानं कोणाचं तरी नाव घ्यायचं, ज्याचं घेतलं त्याच्यावर पुढचा डाव, आणि त्याच्यावरून आठवडाभर चिडवून घ्यायचं ते वेगळंच.

बाबा गेले, माग थांबला. गाण्यातल्या ढोलकीत मात्र तोच खट्-खटाक् होता. रेणूनं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा भर बाजारात तिला रडू फुटलं होतं. मग तिनं गाणं शेवटपर्यंत ऐकलं. गल्लीतल्या साऱ्या पोरी त्यात होत्या. तिच्या आईचंसुद्धा नाव होतं, शोभा-बोभा! तिचंच तेवढं नव्हतं. नावडतीचं मीठ अळणी, नावडतीच्या नावाला यमक कुठून जुळणार? तीन वर्षं तिनं हेच मनाशी म्हटलं, आणि म्हणून म्हणून ती थकून गेली.

“काय काम होतं?” तिनं कोरडेपणानं विचारलं.

त्यानं कार्ड पुढे सरकवलं. त्यावर स्वच्छ छापलं होतं — बुंदन.

कितीही दाबलं तरी रेणूला हसू आलंच. “हे कोनं केलं?”

“मीच! तवा दिवसरात्र गानं बसवून राहिलो होतो. भंडाऱ्याच्या केंद्रातल्या पोरानं नाव विचारलं, अन् माह्या तोंडून निंघून गेलं, कुंदन-बुंदन. त्यानं बुंदन ठेवलं.” तो हसायला गेला आणि खोकला. “आता नागपूरच्या कंपनीत गेटवर नोकरी भेटली. ते म्हनतात, नाव नीट करून आन. उद्या सकाळच्या बसनं निंघतो.”

“अन् गानं?”

“डॉक्टर म्हने, घसा गेला. खरं सांगू... बरंच झालं. तीन वर्सं एकच गानं, रेणू! मांडवात तेच, मंडईत तेच. माहाच आवाज आयकू आला का मी कान झाकतो.”

त्याच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. रेणूचा राग अर्धा तिथंच विरला.

“अंगठा ठेवा,” ती म्हणाली.

मशीन अंगठा घेईना. एकदा, दोनदा... शेवटी तिनंच त्याचा अंगठा धरून काचेवर दाबला. तो गरम होता. मशीननं हिरवा दिवा लावला तरी तिनं तो लगेच सोडला नाही. त्यानंही काढून घेतला नाही.

“सगळ्याइची नावं घेतली तू,” तिच्या तोंडून निघून गेलं. “माह्या नावाले यमक नाही भेटलं काय?”

तो तिच्याकडे पाहतच राहिला.

“तुले कळलंच नाही? अवो, डाव कोनावर येते?”

“ज्याचं नाव...” रेणू अडखळली. “ज्याचं नाव राहून गेलं...”

“मंग? तीन वर्सं झाली, तुह्यावर डाव हाय! परत्येक मांडवात मी तुहं नाव सोडून सारी नावं घेतली. म्हटलं, रेणू आज येईन, उद्या येईन अन् माहं नाव घेईन. तू आलीच नाही. मंग म्हटलं, नसंन घ्याचं तिले.”

तीन वर्षं! इतका वेडा माणूस... आणि तिच्याइतकी वेडी तरी दुसरी कोण? ज्या खेळात ती वाढली, त्याचाच नियम ती विसरली होती. आणि उद्या सकाळी हा बसमध्ये बसणार होता.

“बाई, आमचा नंबर कदी?” भैय्यालाल बाहेरून ओरडला.

“थांबा ना बाबाजी, दुरुस्ती चालू हाय!”

तिनं ‘बु’ पुसला, ‘कु’ टाइप केला. पावती छापून आली. नियमाप्रमाणे नाव मोठ्यानं वाचून दाखवायचं असतं. टेबलावर तिची बोटं आपोआप वाजू लागली, खट्-खटाक्, खट्-खटाक्...

“कुंदन-बुंदन,” ती हळूच म्हणाली, “मनावर गोंदन... पुसून थकली मी, जाईच ना पन!”

कुंदननं डोळे मिटून घेतले.

“घेतलं,” रेणू म्हणाली. “आता तुह्यावर डाव.”

त्यानं गायला तोंड उघडलं, पण सूर निघाला नाही. नुसती खरखर आली. मग काउंटरवर वाकून, तिलाच ऐकू जाईल इतक्या बारीक आवाजात तो म्हणाला,

“रेणू-बेणू... सांग, तुले घरी कदी नेऊ?”