वारुळाची साक्ष

सकाळपासून अख्खं गाव थुंकत होतं, आणि तेही सरकारी नियमानुसार. नमुने घ्यायला आलेली निशिगंधा बोरकुटे एकेकाच्या हातात नळी देत होती. मोहाची फुलं वेचून आलेल्या बायका नळीत थुंकायच्या आणि हसत सुटायच्या.

"एरवी थुंकलं की नर्सबाई ओरडते," कुम्मी पुंगाटी म्हणाली. गावातली सगळ्यांत म्हातारी ती. तिचा शब्द कुणी मोडत नसे. "आता तोंड सुकलं माझं. पुरे का, बोरकुटेबाई?"

थुंकी म्हणजे अर्धंच काम. निशिगंधाच्या पाठीवरची पेटी होती मातीवाचक. माणसं जिथे राहतात, मरतात, तिथल्या मातीत त्यांच्या गुणसूत्रांचे तुकडे शेकडो वर्षं टिकतात. पेटी ते वाचायची आणि आजच्या थुंकीशी नातं जुळवायची. नवा कायदा सांगत होता, तीनशे वर्षांचं नातं जुळलं तर तेवढी वस्ती धरणाच्या बुडितातून वगळायची. नाहीतर नाही. सुनावणी उद्या होती.

माती मात्र पुरुषभर खोलीची हवी, तीही पूर्वजांच्या नावाने उभ्या केलेल्या दगडांजवळची. तिथे पोचल्यावर निशिगंधाने पोलादी गिरमिट काढलं, तशा बायका मागे सरकल्या.

"इथे लोखंड लावत नाहीत," कुम्मी म्हणाली. "झोपलेत ते."

"अक्का, लोखंड नाही लावलं तर पाणी लागेल त्यांना."

"धरणवालेही असंच बोलतात. त्यांनाही उद्याचीच घाई."

निशिगंधा खजील झाली. घड्याळाचा हात तिने मागे लपवला.

कुम्मी दगडांमधल्या वाळवीच्या वारुळापाशी गेली आणि त्याची ताजी, ओली कड हाताने तोडून पानाच्या द्रोणात घेऊन आली. "उधई ओल लागेपर्यंत खाली जाते, तिथली माती वर आणते. तिच्याकडे कुठलं आलंय लोखंड?"

पेटी तासभर गुणगुणली. मग आकडा उमटला: सहाशे चाळीस वर्षं. बायकांनी कल्ला केला. निशिगंधाने डोळे पुसले आणि 'पाठवा'वर बोट नेलं.

कुम्मी मात्र नदीपलीकडच्या टोल्याकडे, त्या वेगळ्या वस्तीकडे बघत होती. अकरा घरं. चौदा वर्षांपूर्वी दुसऱ्या एका धरणाने उठवलेली माणसं. याच गावाने त्यांना जागा दिली होती.

"त्यांच्या नळ्यांचं काय?"

"पेटी म्हणते, इथल्या मातीशी नातं नाही. त्यांची माती जुन्या धरणाच्या तळाशी आहे, अक्का."

निशिगंधाचं बोट तसंच थांबलं. कुम्मीने रिकामा द्रोण उलटा करून झटकला.

"म्हणजे ज्याला एकदा बुडवलं, त्याला पुन्हा बुडवता येतं?"